दूरच्या विद्यार्थ्याला धरून मांडलेला कोर्स

ग्वाल्हेर हे चंबळ भागातल्या मुलांचे शिक्षणाचे गाव. 1957 साली इथे माधव इन्स्टिट्यूटचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि राणी लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षणाची संस्था निघाली. 1964 मध्ये जिवाजी विद्यापीठ, 1997 मध्ये ट्रिपल आयटीएम आणि 2008 मध्ये राजा मानसिंग तोमर संगीत व कला विद्यापीठ आले. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरीकडची मुले इथे येतात. काही खोली घेऊन राहतात, काही सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळी परततात. त्यांना शिकवणाऱ्यांत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतले प्राध्यापक पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

या प्राध्यापकांना आता वर्गातल्या तासाइतकेच संगणकावरच्या कोर्सच्या पानालाही सांभाळावे लागते. नोट्स, असाइनमेंट, क्विझ, गुण सारे तिथेच. माझे म्हणणे असे की हे पान मांडताना भिंडला परतणारी मुलगी डोळ्यांसमोर ठेवावी. गावातच, मोरारमध्ये राहणाऱ्या मुलाला अडले तर तो उद्या स्टाफ रूममध्ये येऊन विचारील. तिच्या हाती रात्री फोन असतो, थोडा डेटा असतो आणि तुम्ही पानावर जे लिहिले तेवढेच असते. तिला समजले तर सगळ्यांना समजेल.

मूडल आणि तुमचा अधिकार

अशी पाने चालवण्यासाठी गूगल क्लासरूम 2014 साली आले आणि वापरायला सोपे म्हणून लगेच रुळले. विद्यापीठाच्या पातळीवर मात्र मूडल या सॉफ्टवेअरला अजून पर्याय कमीच. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथले मार्टिन डुजियामास यांनी ते तयार केले. 20 ऑगस्ट 2002 रोजी त्याची पहिली आवृत्ती बाहेर पडली. ते मुक्त स्रोताचे आहे, परवाना-शुल्क नाही, संस्था आपल्याच सर्व्हरवर बसवू शकते. बदल्यात सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो.

तो माणूस म्हणजे अॅडमिन. कोर्सचे रिकामे पान तो उघडतो आणि तुम्हाला त्यात ‘टीचर’ करतो. मग त्या पानापुरते तुम्ही मालक. मदतनीस असेल तर त्याला ‘नॉन-एडिटिंग टीचर’ करावे: त्याला गुण देता येतात, मांडणी बदलता येत नाही. पासवर्ड वाटून घेण्याची पद्धत बंद करावी. कोणी काय केले याची नोंद मूडल नावानिशी ठेवते, आणि वाद झाला की तीच कामाला येते.

शिकायला सुरुवात करायची तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मूडलची मालिका आहे, मराठी निवेदनातही. एका बाजूला व्हिडिओ लावून दुसऱ्या बाजूला स्वतः करत जावे, अशीच तिची रचना आहे.

आधी क्रम

अभ्यासाला क्रम लावणे ग्वाल्हेरला नवे नाही. ज्या गावात ख्याल गुरूसमोर बसूनच मिळायचा, तिथे 1914 साली कृष्णराव शंकर पंडितांनी शंकर गांधर्व महाविद्यालय काढले. 1918 मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या आखणीने माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. भातखंड्यांनी शिकवण्याच्या पद्धतीतच हात घातला. त्यांच्या क्रमिक पुस्तकांच्या पहिल्या भागात दहा थाटांचे दहा राग आहेत, बाकीचे पुढल्या भागांत. आधी काय, मग काय, कोणत्या वर्षाला किती, हे सारे ठरलेले. गुरूचा गळा पुस्तकात येत नाही ही तक्रार तेव्हाही होती आणि ती खरीच होती. पण गुरूच्या घरापर्यंत पोचू न शकणाऱ्या मुलाला त्या क्रमामुळे दार उघडले, हे विसरू नये.

मूडलमध्ये हा निर्णय पहिल्याच सेटिंगमध्ये घ्यावा लागतो: कोर्स आठवड्यांनुसार की घटकांनुसार? आठवड्यांचा साचा घेतला तर तारखा आपोआप पडतात आणि मागे राहिलेल्याला आपण कुठे आहोत ते कळते. पण मध्ये दिवाळीची सुटी आली, निवडणुकीच्या कामाला प्राध्यापक गेले, की तारखा आणि शिकवणे यांची फारकत होते. म्हणून मी घटकांचा साचा घेऊन शीर्षकातच कालावधी लिहावा असे सुचवते: ‘घटक 3 : मागणी आणि पुरवठा, ऑगस्टचा दुसरा पंधरवडा’. खाली तीन-चार ओळी. हा घटक कशासाठी, आधी काय वाचायचे, मग काय करायचे, कशाला गुण आहेत. पंचवीस पीडीएफ एकाखाली एक टाकलेले पान मी पुष्कळ पाहिले आहे. त्यात मुलांना पहिली फाइल उघडावी की शेवटची, हेही कळत नाही.

पान झाले की ‘स्विच रोल’मधून विद्यार्थी होऊन ते एकदा पाहावे, आणि तेही फोनवर. लॅपटॉपवर नेटके दिसणारे तक्ते फोनवर कापले जातात.

मजकूर आणि कृतिदेव

आपल्याकडच्या नोट्सचे एक खास दुखणे आहे. मध्य प्रदेशात हिंदी टंकलेखन वर्षानुवर्षे कृतिदेव फाँटमध्ये होत आले. त्या फाइलमध्ये ‘क’ दिसतो तो खरा ‘क’ नसतो. आत रोमन ‘डी’ हे अक्षर असते आणि फाँट त्याला ‘क’चा चेहरा चढवतो. त्यामुळे जुनी प्रश्नपत्रिका उचलून मूडलच्या चौकटीत चिकटवली की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल उमटतो. महाराष्ट्रातून आणलेल्या जुन्या मराठी फाइलींचेही हेच होते. उपाय एकच: कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणायचा आणि एकदा स्वतः वाचून काढायचा, कारण रफार आणि जोडाक्षरे हमखास चुकतात. काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करावे लागते.

पुस्तकाची पाने स्कॅन करून टाकण्याचेही तसेच. ती चित्रे असतात, त्यांत शब्द शोधता येत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याचे स्क्रीन रीडर त्यांपुढे मुके होते. शिवाय ती जड असतात. मजकूर टाइप केलेला असला तर फाइल हलकी राहते आणि मूडलच्या मोबाइल अॅपमध्ये कॉलेजच्या वायफायवर उतरवून घरी नेटशिवाय वाचता येते. व्हिडिओ मूडलवर चढवू नयेत, दुवा द्यावा. आणि व्हिडिओत जे सांगितले ते अर्ध्या पानात लिहूनही ठेवावे.

नोंदणी

यावर फार वेळ घालवू नये. अॅडमिन प्रवेशयादीवरून सगळ्यांना एकदम जोडत असेल तर उत्तम. नसेल तर ‘सेल्फ एनरोलमेंट’ चालू करून एक किल्ली-शब्द ठेवावा, तो वर्गात सांगावा आणि पंधरा दिवसांनी नोंदणी बंद करावी. दोन तुकड्या असतील तर प्रत्येकीला वेगळा शब्द देता येतो, म्हणजे मुले आपापल्या गटात जाऊन बसतात.

असाइनमेंटच्या तारखा

मूडल असाइनमेंटला वेगवेगळ्या तारखा विचारते. ‘ड्यू डेट’ म्हणजे काम अपेक्षित आहे तो दिवस. त्यानंतरही काम घेतले जाते, फक्त उशीर झाल्याची नोंद पडते. ‘कट-ऑफ डेट’ म्हणजे दार बंद. दोन्हींत तीन दिवसांचे अंतर ठेवावे. वीज गेली, नेट गेले, घरी लग्न होते, यांतले प्रत्येक कारण तपासत बसण्यापेक्षा ती तीन दिवसांची सवड सगळ्यांना सारखी मिळते.

वेळ रात्री बाराची कधीच ठेवू नये. ‘15 तारखेला रात्री 12’ म्हणजे 14 आणि 15 मधली रात्र की 15 आणि 16 मधली? मूडलच्या हिशेबात 15 तारखेचे 00:00 म्हणजे 14ची रात्र संपली तो क्षण, आणि अर्धा वर्ग एक दिवस उशिरा ठरतो. संध्याकाळी 6 ठेवावेत. तेव्हा तुम्ही जागे असता आणि फाइल चढत नसेल तर उत्तर देऊ शकता.

हस्तलिखित उत्तरांचे फोटो मागवले तर दहा-दहा मोठ्या फाइली येतात. एकच पीडीएफ मागावी. शक्य असेल तिथे ‘ऑनलाइन टेक्स्ट’ उघडून फोनवरच टाइप करू द्यावे.

क्विझ आणि प्रश्नपेढी

मूडलमध्ये सर्वांत जास्त कष्ट इथे लागतात आणि सर्वांत जास्त फळही इथेच मिळते. प्रश्न थेट क्विझमध्ये लिहू नयेत. आधी प्रश्नपेढीत घटकवार आणि काठिण्यानुसार वर्ग करावेत. ‘घटक 2, सोपे’ या वर्गात तीस प्रश्न जमले की क्विझला त्यांतून कोणतेही पाच उचलायला सांगता येते. मग शेजारी बसलेल्या दोघांचे प्रश्न निराळे येतात.

देवनागरीतल्या लघुत्तरी प्रश्नांना जपावे. मूडल तिथे अक्षराला अक्षर ताडून पाहते. तुम्ही ‘हिंदी’ असे उत्तर भरले आणि मुलाने ‘हिन्दी’ लिहिले तर शून्य. ‘1857’ आणि ‘१८५७’ हीदेखील त्याच्या लेखी दोन वेगळी उत्तरे. म्हणून अनुस्वार आणि परसवर्ण, दोन्ही प्रकारचे अंक, वेलांटीचे चालणारे पर्याय असे सगळे बरोबर उत्तरांच्या यादीत घालावे. नाहीतर ज्याला विषय येतो तोच नापास होतो आणि त्याला कारणही कळत नाही. मला हा अन्याय कुठल्याही तांत्रिक बिघाडापेक्षा मोठा वाटतो.

वेळ संपल्यावर काय करायचे, हे एक सेटिंग नीट वाचावे. ‘उत्तरे आपोआप जमा करा’ असा पर्याय आहे, आणि ‘वेळेत सबमिट केले नाही तर धरू नका’ असाही आहे. दुसरा निवडला आणि शेवटच्या मिनिटाला वीज गेली तर मुलीची पूर्ण क्विझ फुकट जाते. पहिलाच ठेवावा. एका पानावर चार-पाचच प्रश्न द्यावेत, कारण पान बदलले की उत्तरे जपली जातात. ज्याला खरोखर जास्त वेळ हवा, उदाहरणार्थ लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थ्याला, त्याच्यापुरती वेळ ‘यूजर ओव्हरराइड’मधून वाढवता येते. बाकीच्यांना ते कळतही नाही. बरोबर उत्तरे मात्र क्विझ सर्वांसाठी बंद झाल्यावरच दाखवावीत.

गुणांचा हिशेब

मध्य प्रदेशातल्या महाविद्यालयांत 2021-22 पासून पदवीला नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि सीसीईचे, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाचे, काम वाढले. मूडलची गुणवही ते हलके करते, पण वर्गवारी सत्राच्या सुरुवातीला बसवली तरच. असाइनमेंटला किती, क्विझला किती, चाचणीला किती, हे मुलांना पहिल्या आठवड्यात दिसले पाहिजे. मधेच भारांक बदलला की सगळ्यांचे गुण हलतात आणि विश्वासही जातो.

एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. बारा असाइनमेंटपैकी उत्तम आठच धरतात. असाइनमेंटचे 25 टक्के आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे 75 टक्के. चार आठवडे चुकले तरी मूल बुडत नाही. मूडलमध्येही गुणवहीच्या वर्गात ‘ड्रॉप द लोवेस्ट’ म्हणून आकडा भरला की सर्वांत कमी गुण आपोआप गळतात. अट एवढीच की त्या वर्गातल्या सगळ्या क्विझचे कमाल गुण सारखे हवेत.

गुणांबरोबर तारखाही स्वयं या ऑनलाइन मंचावरच्या कोर्सशी जुळवून घ्याव्या लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021च्या नियमांनी एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय स्वयंवरून करायला मुभा दिली आहे. ज्या मुलाने तिकडचा कोर्स घेतला त्याच्या तिथल्या असाइनमेंटच्या तारखा विचारून घ्याव्यात. सगळ्या एकाच आठवड्यात पडू देऊ नयेत.

उत्तर देणे

‘अनाउन्समेंट्स’ या फोरममधून लिहिलेले सर्वांना ईमेलने जाते, पण मूडल साधारण अर्धा तास ते धरून ठेवते, म्हणजे तुम्हाला चूक दुरुस्त करता यावी. तातडीचे असेल तर लगेच पाठवण्याची खूण करावी. मुलांच्या शंकांसाठी वेगळा फोरम उघडावा आणि व्हॉट्सअॅपवर आलेली शंकाही तिथे नेऊन उत्तरावी. नाहीतर तेच उत्तर वीस जणांना वीसदा द्यावे लागते आणि एकविसावीला, जी विचारायला लाजते, मिळतच नाही. शंका कोणत्या भाषेत विचारावी याचे बंधन घालू नये. बुंदेलीत, खडी बोलीत, रोमन लिपीतल्या हिंदीत, जशी येईल तशी घ्यावी.

आठवड्यातून एकदा ‘पार्टिसिपेशन रिपोर्ट’ उघडावा. एखाद्या असाइनमेंटकडे किंवा फोरमकडे ठरावीक मुदतीत कोण फिरकलेच नाही ते त्यात दिसते. तिथूनच त्या मुलांना निवडून एकदम निरोप पाठवता येतो. आकड्यांवरून कुणाला आळशी ठरवू नये, आधी फोन करावा. फी भरायची राहिली, शेतावर कापणी आहे, भावाने फोन नेला, अशी कारणे फोनवरच कळतात.

सत्र संपल्यावर

गुणवही एक्सेलमध्ये उतरवून विभागात जमा करावी, मग कोर्सचा बॅकअप घ्यावा. या दोन गोष्टी झाल्याशिवाय ‘रिसेट’ला हात लावू नये, कारण रिसेट जुन्या मुलांची उत्तरे आणि गुण पुसून टाकते. पुढच्या वर्षी नव्या पानात ‘इम्पोर्ट’ केले की मजकूर, असाइनमेंट आणि क्विझ येतात, जुनी मुले येत नाहीत. तारखा तेवढ्या एकेक करून तपासाव्यात, गेल्या वर्षीची कट-ऑफ राहून जाते आणि पहिलीच असाइनमेंट कुणाला जमा करता येत नाही.

आणि रिसेटच्या आधी क्विझचा ‘स्टॅटिस्टिक्स’ अहवाल वाचावा. प्रत्येक प्रश्नासमोर तो किती टक्के मुलांनी बरोबर सोडवला हे असते. जिथे आकडा पाच-दहाच्या घरात आहे तो प्रश्न उघडून आधी उत्तराची किल्ली तपासावी, मग भाषा, आणि दोन्ही ठीक असतील तर तो घटक येत्या जुलैत पुन्हा नव्याने शिकवायला घ्यावा.