योनीमार्गातील गर्भनिरोधक रिंग : करकंबच्या भगिनींनी काय विचारात घ्यावे?

दोन मुलांत अंतर ठेवायचे म्हटले की करकंबसारख्या गावात नावे येतात ती तांबी, माला-एन आणि अंतरा इंजेक्शनची. रिंगचे नाव क्वचितच कानावर पडते. म्हणून आम्ही तिच्याविषयी सांगत आहोत. विषय लाजेचा नाही, आरोग्याचा आहे.

रिंग म्हणजे बाळाच्या बांगडीएवढे मऊ, लवचिक कडे. बाई ते स्वतःच आत बसवते. तीन आठवडे ठेवायचे, मग काढायचे; रिकाम्या आठवड्यात पाळी येते. त्यातून गोळीतलीच दोन हार्मोन्स हळूहळू शरीरात उतरतात व बीज बाहेर पडणे थांबते. अमेरिकेत या रिंगला 2001 मध्ये मान्यता मिळाली. अगदी नियमाने वापरली तर वर्षात हजारात तिघींनाच गर्भ राहतो, पण प्रत्यक्षात विसरभोळेपणा धरून हे प्रमाण शंभरात सातच्या आसपास जाते. तांबीत ते शंभरात एकापेक्षाही कमी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग रिंग कुणाला आवडते? रोज गोळी लक्षात ठेवणे ज्यांना जमत नाही त्यांना. आणखी एक कारण आपल्या घरांत महत्त्वाचे. अंतरामुळे रक्तस्राव कधीही होऊ शकतो आणि मग हा हैज की इस्तिहाजा, नमाज पढायची की नाही, असा पेच पडतो. रिंगमध्ये पाळी बहुधा ठरल्या वेळी येते. रमजानमध्ये मात्र ती इफ्तारनंतर, रात्रीच बसवावी. दिवसा बसवल्याने रोजा तुटतो असे अनेक हनफी उलेमा सांगतात. अज़्लच्या हदीसवरून बहुतेक उलेमा पती-पत्नीच्या संमतीने तात्पुरते साधन जायज मानतात. तरी शंका असेल तर मुफ्तीसाहेबांना विचारा.

अंगावर पाजणाऱ्या आईने ही रिंग घेऊ नये. तिच्यासाठी फक्त प्रोजेस्टेरॉनची, तीन महिने चालणारी वेगळी रिंग आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तिच्या चाचण्या आपल्या देशात घेतल्या आहेत. रक्तदाब, रक्तात गुठळी होण्याचा त्रास किंवा डोळ्यांपुढे चमकून होणारी अर्धशिशी असेल तर साधी रिंग टाळा. एचआयव्हीपासून ती वाचवत नाही.

अडचण मिळण्याची आहे. सरकारी दवाखान्यात तांबी, अंतरा, छाया फुकट मिळतात, रिंग नाही. शिवाय तिला थंडावा लागतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा दुकानदाराने ती फ्रिजमध्ये ठेवली होती का, हे घेतानाच विचारा.