टक्केवारीचे रकाने

अमेरिकेत महाविद्यालय निवडताना मुले विद्यार्थ्यांची वंशवार टक्केवारी पाहतात. आपल्यासारखे कितीजण तेथे भेटतील, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. परंतु या रकान्यांचा अर्थ आपण आधी समजून घ्यावयास हवा.

हे रकाने निसर्गाने आखलेले नाहीत. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना नागरिकत्वाच्या कायद्यापुरते ‘गोरे’ मानण्यास नकार दिला. पुढे १९७० च्या खानेसुमारीने भारतीयांना गोऱ्यांतच मोजले आणि १९८० साली आशियाई गटात घातले. माणसे तीच, रकाना मात्र बदलत गेला.

आजही ‘आशियाई’ या एका शब्दात भारतीय, चिनी, व्हिएतनामी असे सारेच येतात. न्यू जर्सीत जन्मलेली मराठी मुलगी त्यात मोजली जाते. पुण्याहून शिकावयास गेलेली तिची मामेबहीण मात्र परदेशी विद्यार्थ्यांच्या रकान्यात जाते. तेथे वंश पाहिलाच जात नाही.

हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांविरुद्धच्या २०२३ च्या निकालाने प्रवेशात वंशाला महत्त्व देण्याची पद्धत अवैध ठरवली. मात्र वंशामुळे आयुष्यात काय सोसले वा कमावले, हे अर्जातील निबंधात सांगण्यास आडकाठी नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, टक्केवारी जरूर वाचावी, पण तेवढ्यावर थांबू नये. वसतिगृहात, भोजनगृहात मुले एकमेकांत मिसळतात काय, कोणत्या गटातील किती जण पदवी पुरी करतात, हे तेथे शिकणाऱ्यांनाच विचारावे. चार वर्षे काढावयाची ती त्या माणसांत, रकान्यात नव्हे.