उसाच्या फडातील भय : ‘लपाछपी’ आणि तिची हिंदी पुनर्निर्मिती ‘छोरी’

एखाद्या गाजलेल्या कलाकृतीची पुनर्निर्मिती मुळाच्या तोडीची उतरते काय, हा प्रश्न नाटक, संगीत आणि चित्रपट या सर्वच क्षेत्रांत वारंवार विचारला जातो. भयपटाच्या बाबतीत तो अधिक बिकट होतो. विनोद दुसऱ्यांदा ऐकला तरी हसू येते, करुण प्रसंग दुसऱ्यांदा पाहतानाही डोळे पाणावतात. परंतु दाराआड काय दडले आहे हे एकदा कळले की भयाचा निम्मा जोर ओसरतो. मग पुनर्निर्मितीत उरते काय? विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) हा मराठी भयपट आणि त्यांनीच हिंदीत दिग्दर्शित केलेला ‘छोरी’ (२०२१) यांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीत अशा पुनर्निर्मितींची रीघच आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’ (१९६०) गस व्हॅन सँट यांनी १९९८ मध्ये जवळजवळ दृश्यागणिक तसाच, मात्र रंगीत, पुन्हा चित्रित केला. चौकटी त्याच, संवाद तेच. तरीही मूळ चित्रपटाने दिलेला धक्का त्यात नव्हता. प्रस्तुत विषयाच्या अधिक जवळची उदाहरणे आहेत ती दिग्दर्शकाने स्वतःच आपली कृती पुन्हा घडविल्याची. डच दिग्दर्शक जॉर्ज स्लाउझर यांनी आपल्या १९८८ च्या चित्रपटाची ‘द व्हॅनिशिंग’ ही अमेरिकी आवृत्ती १९९३ मध्ये केली. मूळ कथेतील नायकाचा भीषण अंत त्यांनी बदलला, नायकाला वाचविले आणि चित्रपटाचा प्राणच गेला. जपानी दिग्दर्शक ताकाशी शिमिझू यांनी ‘जु-ऑन’वरून ‘द ग्रज’ (२००४) करताना पात्रे अमेरिकी घेतली, परंतु झपाटलेले घर टोकियोतच ठेवले. भयाला स्थळ असते, हे त्यांनी ओळखले होते.

मराठीत भयकथेची परंपरा समृद्ध आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांनी वाचकांच्या पिढ्या घडविल्या. चित्रपटाने मात्र भुताकडे बहुधा हसण्याचा विषय म्हणूनच पाहिले. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने (१९९३) बाहुल्यात शिरलेल्या गुन्हेगाराची कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी भयपटातून उचलली आणि तिचे रूपांतर अस्सल मराठी विनोदात केले. तात्या विंचू आजही लोकांच्या तोंडी आहे, तो भीतीमुळे नव्हे. या पार्श्वभूमीवर ‘लपाछपी’सारखा निखळ भयपट मराठीत यावा आणि त्याची हिंदीने दखल घ्यावी, ही घटना दुर्मीळ होय.

दोन्ही चित्रपटांची कथा एकच आहे. कर्जात बुडालेला नवरा, प्रसूती जवळ आलेली पत्नी, वसुलीसाठी आलेल्या गुंडांची मारहाण आणि विश्वासू वाहनचालकाच्या गावाकडील घराचा आसरा. घर उसाच्या फडाच्या मधोमध आहे. तेथे चालकाची पत्नी वरकरणी मायेने वागते. फडात लहान मुले लपंडाव खेळताना दिसतात. त्या मुलांपासून दूर राहण्याची ताकीद मिळते. पुढे उलगडते ते असे की, या घरात जन्मणाऱ्या मुलींचा जीव घेतला गेला आहे, आणि भुतांपेक्षा जिवंत माणसांपासूनच त्या गर्भवतीला अधिक धोका आहे.

मूळ चित्रपटाचे खरे सामर्थ्य उसात आहे. सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला हे वेगळे सांगावे लागत नाही. मोहोळ तालुक्यात टाकळी सिकंदरच्या भीमा सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांच्या भोवती ऊस हेच अर्थकारण आहे. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा राहतो आणि माणसाच्या डोक्याच्या वर जातो. अशा फडात चार सरी आत गेलेला माणूस बांधावरून दिसत नाही. त्याची हाक कोणत्या बाजूने आली हे कळत नाही. वारा नसतानाही पाचट वाजल्याचा भास होतो. लहान मुलांना एकटे फडात जाऊ नये असे बजावले जाते, त्यासाठी भुताची गरज पडत नाही. ‘लपाछपी’ने या परिचित पिकाचा चकव्यासारखा उपयोग केला. तेथे भीती दिवसाउजेडी आहे, हिरवी आहे. परदेशी भयपटातील पडका वाडा आणि वीज चमकणारी रात्र यांची मातब्बरी ज्यांना वाटत नाही, त्यांनाही हा फड अस्वस्थ करतो.

‘छोरी’तही ऊस आहेच. हरियाणातही तो पिकतो, त्यामुळे तो उपरा वाटत नाही. छायाचित्रण अधिक सफाईदार आहे, ध्वनियोजना अधिक भरीव आहे. परंतु ही सफाईच काही ठिकाणी आड येते. मूळ चित्रपटातील घर मुक्कामाला जाऊन आलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या घरासारखे भासते. हिंदीतील घर भयपटासाठी शोधून काढल्यासारखे भासते. पहिल्यात प्रेक्षक विश्वासाने आत जातो, दुसऱ्यात तो उंबरठ्यावरच सावध होतो.

शीर्षकाची गोष्टही लहान नाही. ‘लपाछपी’ हे मुलांच्या खेळाचे नाव. ते निरागस आहे, आणि लपविण्याची सूचना त्यात आहे. काय लपविले हे ते सांगत नाही. ‘छोरी’ हे नाव विषय दारातच उघड करते. रहस्यावर उभ्या असलेल्या कथेचे याने नुकसान झाले, असे म्हणणे भाग आहे.

अभिनयात मात्र तुलना एकतर्फी नाही. पूजा सावंत यांची नायिका भीतीने हळूहळू खचत जाते; नुसरत भरुचा यांची नायिका प्रारंभापासून अधिक कणखर आहे आणि शेवटचा संघर्ष तिच्यामुळे पटतो. उषा नाईक यांची तुळसाबाई आणि मीता वशिष्ठ यांची भन्नो देवी यांत डावे-उजवे करणे कठीण. तरी एक फरक जाणवतो. तुळसाबाई ग्रामीण मराठीत गर्भवतीची ज्या तऱ्हेने विचारपूस करते, ती तऱ्हा प्रत्येक मराठी घरात कोणा ना कोणा वडीलधाऱ्या बाईची असते. तिचे बोलणे ओळखीचे वाटते, म्हणूनच ते नंतर अंगावर येते.

येथेच पुनर्निर्मितीचा कळीचा मुद्दा आहे : चित्रपट दोषी कोणाला धरतो? ‘छोरी’तील पात्रे हरियाणवी वळणाची बोली बोलतात. स्त्रीभ्रूणहत्या म्हटले की हरियाणाचे नाव घेण्याची देशाला सवय आहे. त्यामुळे हिंदी प्रेक्षकापैकी बहुतेकांना, मराठी प्रेक्षकालाही, हा प्रश्न ‘तिकडचा’ मानण्याची सोय मिळते. आकडे वेगळे सांगतात. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या हरियाणात २००१ मध्ये ८१९ होती, ती २०११ मध्ये ८३४ झाली. महाराष्ट्रात ती १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी घसरत गेली. उसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीडमध्ये २०११ साली ती ८०७ होती, म्हणजे हरियाणाच्या सरासरीहूनही कमी. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते. मराठी तुळसाबाईने ही सोय प्रेक्षकाला दिली नव्हती. ती त्याच्याच भाषेत बोलत होती आणि त्याच्याच पिकात उभी होती.

अर्थात ‘छोरी’ने हा विषय ज्या संख्येने लोकांपर्यंत नेला, तो पल्ला एका मराठी चित्रपटाच्या आवाक्यातला नव्हता. ‘लपाछपी’ जुलै २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आला. ‘छोरी’ नोव्हेंबर २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवरून थेट घराघरांत गेला. अंधाऱ्या सभागृहात शेजारच्या अनोळखी माणसाचा रोखलेला श्वास ऐकत पाहणे आणि हातातील भ्रमणध्वनीवर एकट्याने पाहणे, हे अनुभवच भिन्न आहेत. एप्रिल २०२५ मध्ये फुरिया यांचाच ‘छोरी २’ आला. तो ‘छोरी’च्या कथेचा पुढचा भाग आहे, त्याला मराठीत मूळ नाही, त्यामुळे तुलनेचा प्रश्नही तेथे उद्भवत नाही.