काळारामाच्या दारातून दोन क्रांत्यांकडे पाहताना

आपल्या घरातली मुले शाळेत अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध आणि फ्रेंच राज्यक्रांती शिकतात. १७७६ आणि १७८९ ही साले पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरून जातात. पण आम्हा नाशिककरांना हा धडा परका नाही. आपल्या चळवळीशी त्याचे जवळचे नाते आहे.

त्या दोन देशांनी एकमेकांच्या क्रांतीकडे कसे पाहिले? फ्रान्सचा तरुण सरदार लाफायेत अमेरिकेच्या बाजूने लढला होता. पुढे पॅरिसचा बास्तील तुरुंग लोकांनी जिंकला, तेव्हा त्याची किल्ली त्याने जॉर्ज वॉशिंग्टन यांना भेट पाठविली. फ्रान्सचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिताना त्याने जेफरसन यांचा सल्ला घेतला. पण फ्रान्समध्ये रक्तपात वाढला तशी अमेरिकेत दुफळी माजली. जेफरसन यांचा पक्ष फ्रेंच क्रांतीची बाजू घेई, तर जॉन अॅडम्स यांना तिची धास्ती वाटे.

दोघांनी एकमेकांचे गुण गायिले, दोषही काढले. पण दोघांच्याही दाराबाहेर गुलाम उभा होता. सर्व माणसे समान आहेत असे लिहिणाऱ्या जेफरसन यांच्या मळ्यावर गुलाम राबत होते. फ्रान्सच्या ताब्यातील हैतीच्या गुलामांनी १७९१ साली बंड केले, तेव्हा कुठे १७९४ साली फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली. १८०२ साली नेपोलियनने ती परत आणली. हैती १८०४ साली स्वतंत्र झाला. अमेरिकेने त्याला मान्यता दिली ती १८६२ साली!

दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाची नजर वेगळी असते. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले. अमेरिकेच्या लढ्यासाठी लेखणी झिजविणाऱ्या पेनने ते फ्रेंच क्रांतीच्या समर्थनार्थ लिहिले होते. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. क्रांती खरी की खोटी, हे सर्वांत खालच्या माणसाला काय मिळाले त्यावरून ठरते, हे त्यांनी ओळखले होते.

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेत शिकायला गेले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत त्यांनी आपल्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. गावकुसाबाहेरची माणसे त्या मांडवात बसली होती, आणि बाबासाहेब त्यांना जगाच्या इतिहासात जागा दाखवीत होते. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली.

मग आमच्या नाशिकची पाळी आली. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांच्या बरोबरीने आपल्या आया-बहिणीही त्यात उतरल्या. दरवाजे बंदच राहिले. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. उघडत नाही त्या दारापाशी जन्मभर थांबायचे नसते, हा नाशिक जिल्ह्याने शिकलेला धडा.

फ्रेंच क्रांतीचे लोकांनी स्वागत केले, पण ती समता आणू शकली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे लिहिले. १९५४ सालच्या आकाशवाणीवरील भाषणात तर त्यांनी स्पष्टच सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच क्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू बुद्ध यांच्याकडून घेतली आहेत. तिन्हींत बंधुतेला त्यांनी वरचे स्थान दिले, कारण बंधुता नसेल तर कायद्याने मिळालेली समता टिकत नाही.

आता आपण आपल्याकडेही पाहू. घरातली मुलगी शिकायची म्हणते तेव्हा दार कोण लावून घेते? सोयरीक जुळविताना पोटजात कोण विचारते? सून सर्वांची जेवणे झाल्यावरच का जेवते? दुसऱ्यांच्या क्रांतीचे दोष काढणे सोपे असते. फ्रेंचांनी आणि अमेरिकनांनी तेच केले. आपण ती चूक करू नये.

येत्या रविवारी विहारातून परतल्यावर मुलांना जवळ बसवा. १७८९ बरोबर १९२७ आणि १९३० ही सालेही त्यांना सांगा. ती ती कधी विसरणार नाहीत.

जय भीम!