ज्याचे हात थांबलेत, त्याच्याकडे बघा

तीन पट्टीचे गिटारवादक एका रंगमंचावर उभे राहिले की बघणाऱ्याची नजर सगळ्यांत वेगाने पळणाऱ्या बोटांकडे जाते. कॅमेराही तिकडेच वळतो. अशा मैफलींची ध्वनिचित्रमुद्रणं मी कित्येक वर्षं बघत आलो आहे आणि माझं एक मत आता पक्कं झालं आहे. वादकाची तयारी त्याच्या सोलोत दिसते; त्याचं मोठेपण दिसतं ते दुसऱ्याचा सोलो चालू असताना. तो मान खाली घालून स्वतःच्या पेडलशी चाळा करतो, की समोरच्याचा स्वर मनात साठवून घेतो? त्याचा ऱ्हिदम वाजवणारा हात जड पडतो, की सोलोवाल्याला जागा करून देतो? पुढच्या आवर्तनात काय घडणार, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या थांबलेल्या हातांतच असतं.

आमची ही बघण्याची मैफल भरते भिवंडीकडच्या दापोड्यात. मानकोली नाक्यावरून आत शिरलं की दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. रविवारी संध्याकाळी कंटेनरची वर्दळ ओसरली की एका मित्राच्या गाळ्यातल्या माळ्यावर आम्ही काही मंडळी जमतो. भिंतीवर पडदा, खाली दोन मोठे स्पीकर. दिवाळीच्या तोंडावर गाळा छतापर्यंत खोक्यांनी भरलेला असतो. तेव्हा आवाज कोरडा आणि स्वच्छ येतो, पिक तारेवर घासल्याचा बारीक खर्रखर्र आवाजही सुटत नाही. दिवाळीनंतर माल निघून जातो आणि तोच आवाज पत्र्याखाली घुमायला लागतो. म्हणून उत्तम मुद्रणं आम्ही दसरा-दिवाळीच्या दिवसांसाठी राखून ठेवतो. आमच्यातले निम्मे जण यंत्रमागाच्या घरांत वाढलेले. चार माग एकत्र चालत असताना त्यांतला एक जरा अडखळला तरी त्यांचा कान टवकारतो. गिटार ऐकायला हा कान फार उपयोगी पडतो, कारण एकत्र वाजवण्याचा पाया ठेक्यात असतो.

गिटारचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. विजेवर चालणारी गिटार १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आली. ती मांडीवर आडवी ठेवून लोखंडी पट्टीने वाजवायची हवाईयन पद्धतीची होती. १९५०च्या दशकात फेंडरची टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर, गिब्सनची लेस पॉल ही आज ओळखीची वाटणारी रूपं आली. ब्लूजमधून रॉक आलं, १९६७ मध्ये जिमी हेंड्रिक्सने या वाद्याचा आवाका बदलून टाकला. त्या आडव्या हवाईयन गिटारकडे पुढे पुन्हा यायचं आहे.

आता जी-थ्री. जो सॅट्रियानीने १९९६ मध्ये तीन गिटारवादकांचा एकत्र दौरा काढला. तो स्वतः, स्टीव्ह वाय आणि एरिक जॉन्सन. 'जी-थ्री: लाइव्ह इन कॉन्सर्ट' हे मुद्रण १९९७ मध्ये आलं आणि आमच्या माळ्यावर ते सगळ्यांत जास्त वेळा लागलं असेल. आधी प्रत्येकाचा स्वतंत्र भाग आणि शेवटी तिघांचा मिळून जॅम, अशी त्याची रचना.

तिघांचे आवाज डोळे मिटूनही ओळखता येतात. सॅट्रियानी डाव्या हाताच्या बोटांनीच स्वर जोडत जातो, दर स्वराला पिक मारत नाही. त्यामुळे त्याची तान अखंड, ओली वाटते. जॉन्सन टेक्सासमधल्या ऑस्टिनचा. त्याचा स्वर गोल आणि घासूनपुसून लखलखीत केलेला. स्वराच्या बाबतीत तो इतका काटेकोर की पेडलमध्ये कोणत्या कंपनीची बॅटरी आहे यानेही त्याला आवाजात फरक जाणवतो, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. वाय गिटारवरचा दांडा दाबून-उचलून स्वराला हसवतो, रडवतो, बोलायला लावतो. त्याचं 'फॉर द लव्ह ऑफ गॉड' आधी डोळ्यांनी बघावं आणि मग कानांनी.

सॅट्रियानी आणि वाय यांचं नातं गुरु-शिष्याचं आहे, हे माहीत असलं की हे मुद्रण वेगळंच दिसायला लागतं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये एक शाळकरी पोरगा एका हातात तारा नसलेली गिटार आणि दुसऱ्या हातात तारांचं पाकीट घेऊन सॅट्रियानीच्या दारात उभा राहिला. तो पोरगा म्हणजे वाय. त्या वेळी गुरूही विशीत पोचलेला नव्हता. पुढे वाय फ्रँक झापाचे गिटार सोलो स्वरलिपीत उतरवून देऊ लागला आणि १९८० मध्ये झापाच्या बँडमध्ये दाखल झाला. सॅट्रियानीने चौदाव्या वर्षी हेंड्रिक्सच्या मृत्यूची बातमी ऐकली, फुटबॉल सोडला आणि गिटार धरली. आता जॅममधली तीन गाणी बघा: 'गोइंग डाउन' हे ब्लूजवाल्यांचं लाडकं गाणं, मग झापाची एक रचना, आणि शेवटी हेंड्रिक्सचं 'रेड हाऊस'. दोघांनीही आपापल्या दैवताला नमस्कार केला आहे, असं मी मानतो.

'रेड हाऊस' बारा बारचं संथ ब्लूज आहे. बार म्हणजे चार मात्रांचा एक खंड. ढोबळ हिशोब असा: सा वर उभ्या असलेल्या कॉर्डवर चार बार, म वर दोन, परत सा वर दोन, मग प, मग म, आणि शेवटचे दोन पुन्हा सा वर. वादक थोडेफार फेरफार करतात, पण सांगाडा हाच. हे आवर्तन एकदा अंगात भिनलं की सम कुठे येणार ते आपसूक कळतं आणि वादकाने ती मुद्दाम कुठे हुलकावली तेही. तिघं पाळीपाळीने आवर्तनं घेतात. एकाने विस्तार केला की दुसऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो: तोच धागा पुढे न्यायचा की मोडून नवा घ्यायचा? जॉन्सनची स्वच्छ तान संपल्यावर वायने लगेच किंचाळणारा स्वर लावला तर चालेल का? चालतं, पण वायने जॉन्सनचा शेवटचा स्वर कानात धरला असेल तरच. सवाल नीट ऐकला नाही तर जवाब देता येत नाही. कलगी-तुऱ्याच्या फडावर वाढलेल्या महाराष्ट्राला हे वेगळं समजवावं लागू नये.

इथे चित्रीकरण करणाऱ्यांबद्दलची माझी तक्रार सांगितलीच पाहिजे. अशा मैफलींचं संकलन करताना दर दोन-तीन सेकंदांनी चित्र बदलतं: बोटं, चेहरा, बोटं, प्रेक्षक, बोटं. दोघांमध्ये नजरेतून काय ठरलं ते कापलं जातं. एक स्थिर कॅमेरा संपूर्ण रंगमंचावर रोखून ठेवला तरी मैफल दुपटीने समजेल.

चित्र नसलेलं एक मुद्रण या बाबतीत कित्येक चित्रफितींना मागे टाकतं. ५ डिसेंबर १९८० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरमध्ये जॉन मॅक्लॉफलिन, अल डि मिओला आणि पाको दे लुसिया यांनी साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटारी घेऊन जे वाजवलं ते 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को' या नावाने १९८१ मध्ये आलं. त्यात पाको डाव्या बाजूला, मॅक्लॉफलिन मधोमध आणि डि मिओला उजवीकडे ऐकू येतो. हेडफोन लावा आणि कोण थांबलं आहे ते कानांनीच बघा.

हा मॅक्लॉफलिन आपल्याला घराजवळ आणतो. घर म्हणजे मुंबई; आणि मुंबईला रॉक नवं नव्हतं. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत बसले होते; ती मुद्रणं अधिकृतपणे बाहेर आली ती थेट २०१५ मध्ये. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव गाजू लागला. रॉक मशीन, म्हणजे पुढचा इंडस क्रीड, याच काळातला बँड; त्यातली महेश तिनईकर आणि जयेश गांधी ही गिटारवादकांची जोडी माझ्या पिढीने डोक्यावर घेतली. भोवती रुग्णालयं आणि कॉलेज, त्यामुळे शांतता क्षेत्राच्या नियमाने रंगभवनातले कार्यक्रम थांबले. रुग्णांची शांतता महत्त्वाचीच. पण त्या बदल्यात शहराने तरुण वादकांना तसा स्वस्त, उघडा रंगमंच दुसरीकडे द्यायला हवा होता, असं मला आजही तीव्रतेने वाटतं. २०२२ मध्ये हा महोत्सव पुन्हा भरला, तो दुसऱ्या जागी.

माझ्या मते मुंबईत झालेलं गिटारमैफलीचं सगळ्यांत मोलाचं मुद्रण डिसेंबर २००० मधलं आहे: मॅक्लॉफलिनच्या रिमेंबर शक्ती या बँडचं 'सॅटरडे नाइट इन बॉम्बे'. मॅक्लॉफलिन म्हणजे १९६९ मध्ये माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलेला आणि १९७१ मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढून दुहेरी मानेच्या गिटारवर रॉकचा कडेलोट केलेला माणूस. त्याच माणसाने काही वर्षांत झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विनायकराम यांच्यासोबत जमिनीवर मांडी घालून 'शक्ती' सुरू केलं. त्यासाठी एक खास गिटार बनवून घेतली: नेहमीच्या तारांखालून तिरप्या जाणाऱ्या तरफेच्या सात तारा, आणि पडद्यांमधली लाकडी पट्टी खोलगट कोरलेली, म्हणजे तार दाबून, ओढून मींड काढता येईल.

मुंबईच्या या मुद्रणात मॅक्लॉफलिन आणि झाकीरभाईंबरोबर विद्युत मेंडोलिनवर यू. श्रीनिवास आहेत. पाहुण्यांमध्ये शिवकुमार शर्मा, देबाशिष भट्टाचार्य, चेंबूरचे शंकर महादेवन, शिवमणी, तौफिक कुरेशी, पखवाजावर भवानी शंकर. मला यातलं त्रिकूट भुरळ घालतं ते मॅक्लॉफलिन, श्रीनिवास आणि देबाशिष यांचं. तिघांपुढे प्रश्न एकच. पडद्यांचं वाद्य एका स्वरावरून दुसऱ्यावर पायरीने उडी मारतं. मग गळ्यासारखं घसरत, झुलत कसं जायचं? श्रीनिवास मेंडोलिनच्या इवल्याशा मानेवर तार ओढून आणि बोट घसरवून कर्नाटकी गमक काढतात. देबाशिष पडद्यांना वगळूनच टाकतात; मांडीवर आडवी गिटार आणि तारेवर फिरणारी पोलादी कांडी. मॅक्लॉफलिनला दोघांसारखी मींड साधत नाही. तो तिथे लयीचा आधार घेतो, दुसऱ्याने लांबवलेली ओळ लहान-लहान तुकड्यांत तोडून परत देतो. त्यासाठी त्याने कोन्नकोल, म्हणजे तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची कर्नाटकी विद्या, मन लावून शिकली आहे. आपल्याला काय जमत नाही हे ओळखून जवाब द्यायचा, ही समज ऐकूनच येते.

देबाशिष यांच्या मांडीवरची ती गिटार म्हणजेच आपली मघाची हवाईयन गिटार. टाऊ मो हा हवाईचा वादक १९४०च्या दशकात कलकत्त्यात राहिला आणि बंगालने ती गिटार आपलीशी केली. मुंबईत व्हॅन शिपली यांनी तिच्यावर सिनेमाची गाणी घरोघरी नेली. ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग मांडला. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या लोकप्रिय ध्वनिमुद्रिकेत काबरांची गिटार, हरिप्रसादांची बासरी, शिवकुमारांचा संतूर आणि माणिकराव पोपटकरांचा तबला आहे. देबाशिष हे काबरांचे शिष्य. म्हणजे १९६७ मध्ये गुरूच्या गिटारसोबत वाजलेला संतूर २००० साली मुंबईच्या मंचावर शिष्याच्या गिटारसोबत होता. हे जुळवून बघताना माझ्या लक्षात आलं तेव्हा मी संध्याकाळभर तीच दोन मुद्रणं आलटून पालटून लावत बसलो.

शक्तीच्या मैफलीतले सवाल-जवाब कसे आकसत जातात ते ऐकायलाच हवं. आधी पूर्ण आवर्तनाचा सवाल, मग अर्ध्याचा, मग पाव, मग दोन-चार मात्रांचा. शेवटी इतकं जवळ येतात की कोण विचारतंय आणि कोण सांगतंय ते वेगळं काढता येत नाही, आणि तिहाई घेऊन सगळे समेवर. हे टप्पे जितके लहान होतात तितका ऐकायला मिळणारा वेळ कमी होतो. तिथे वेग बोटांपेक्षा कानांना लागतो.

हे प्रत्यक्ष बघायचं म्हणून मी ३ फेब्रुवारीला शीवच्या षण्मुखानंद सभागृहात जात आलो. झाकीरभाईंचे वडील अब्बाजी अल्लारखाँ यांच्या स्मरणाची ती दिवसभराची मैफल, पहाटेपासून रात्रीपर्यंत. दापोड्याहून काळोखात निघायचं, काल्हेर, कशेळीचा पूल, ठाणं, आणि मग लोकल. सकाळच्या मैफलीत तबलावादक साथ करताना गायकाच्या तोंडाकडे कसं बघतो ते पाहून आलो की त्या रात्री जी-थ्रीचा जॅमही नव्याने कळतो.

श्रीनिवास २०१४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी गेले, शिवकुमारजी २०२२ मध्ये, झाकीरभाई १५ डिसेंबर २०२४ रोजी. त्याच वर्षाच्या सुरुवातीला शक्तीच्या 'धिस मोमेंट'ला ग्रॅमी मिळालं होतं. तिकडे सॅट्रियानी, जॉन्सन आणि वाय हे मूळ त्रिकूट २०२४ मध्ये पुन्हा दौऱ्यावर निघालं आणि त्याचंही मुद्रण आलं आहे. ते १९९७च्या मुद्रणाशेजारी ठेवून ऐका. त्यात मला आवडतात त्या आता जास्त वेळ मोकळ्या सोडलेल्या जागा.

भिवंडी-दापोड्याकडे आता गिटार शिकणारी मुलं बरीच दिसतात. बहुतेक जण एकेकटे खोलीत बसून सोलो पाठ करतात, वेग वाढवतात, मोबाइलवर चित्रित करतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आधी एक सोबती शोधा. त्याचा सोलो चालू असताना तुम्ही नुसता ऱ्हिदम धरा, बारा बारचं साधं आवर्तन, सा-म-प. तो कुठे श्वास घेतो, कुठे घाबरतो, कुठे खुलतो ते ओळखायला शिका. मग अदलाबदल करा. शिकवणाऱ्यांनीही पहिल्या वर्षाची परीक्षा एकट्या मुलाची न घेता जोडीची घ्यावी, आणि गुण द्यावेत ते साथीला.