मोलाचे गुण

अमेरिकेतल्या शाळांमध्ये रसायनशास्त्राच्या वर्गात २३ ऑक्टोबर हा ‘मोल दिन’ असतो. तो सकाळी ६ वाजून २ मिनिटांनी सुरू होतो आणि संध्याकाळी ६ वाजून २ मिनिटांनी संपतो. एका मोलमध्ये सुमारे ६.०२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात; हाच अ‍ॅव्होगाड्रोचा अंक. अमेरिकी रीतीने महिना आधी लिहिला की तारीख १०/२३ होते, आणि घड्याळात ६:०२ वाजतात. आपल्यासारखा दिवस आधी लिहिणाऱ्यांकडे ही गंमत जमतच नाही. १९९१ मध्ये या दिवसासाठी तिथे एक राष्ट्रीय प्रतिष्ठानही स्थापन झाले.

चाचणीत गेलेले गुण भरून काढायची संधी अनेक शिक्षक या दिवसाच्या निमित्ताने देतात. चुका दुरुस्त करून निम्मे गुण परत मिळवण्याची शिस्तशीर पद्धत असतेच. मोल दिनाचे प्रकल्प हे तिचे खोडकर धाकटे भावंड. पण एका वाचक शिक्षिकेने विचारले आहे : मिलिग्रॅम दाखवणारा तराजू शाळेत नसेल, तर मोलवर प्रकल्प द्यायचा कसा?

आधी अमेरिकी प्रकार. इंग्रजीत ‘मोल’ हा जमिनीखाली बिळे करणारा, मखमली केसांचा, जेमतेम दृष्टी असलेला एक प्राणीही आहे. तो महाराष्ट्रात आढळत नाही, म्हणून त्याला रोजच्या वापरातले मराठी नावही नाही. विद्यार्थी फेल्टचे कापड कापून, आत कापूस भरून हा प्राणी शिवतात आणि त्याला कोटीबाज नाव देतात. ‘ग्वाकामोले’ हे त्यातले हमखास नाव. ती अ‍ॅव्होकाडोची चटणी, आणि अ‍ॅव्होकाडो म्हटले की अ‍ॅव्होगाड्रो आठवणारच. वर्गाच्या खिडकीत अशा बाहुल्यांची रांग लागते आणि प्रत्येक बाहुलीमागे काही गुण जमा होतात.

प्रकार लोभस आहे, पण त्यात मोल कुठेच नाही. चाचणीत ज्याने मोलची संख्या काढताना वस्तुमानाला मोलर वस्तुमानाने भागायचे सोडून गुणले, तो बाहुली शिवल्यावरही गुणतच राहतो. त्याला गुण परत मिळतात, चूक मात्र जागच्या जागी राहते. म्हणून काही शिक्षक बाहुलीऐवजी खडू देतात. खडूचे वजन करायचे, फळ्यावर आपले नाव लिहायचे, खडू पुन्हा तोलायचा आणि आपल्या नावात किती कण खर्ची पडले ते काढायचे. घट ०.०२ ग्रॅम आली आणि खडू कॅल्शिअम कार्बोनेटचा, म्हणजे मोलला १०० ग्रॅम, असे धरले, तर उत्तर १.२ गुणिले १० चा २० वा घात येते. खरी परीक्षा पुढे आहे. बाजारातले पुष्कळ खडू जिप्समचे असतात. जिप्समचा मोल १७२ ग्रॅमचा, त्यामुळे त्याच नावात सुमारे ७ गुणिले १० चा १९ वा घात इतकेच कण भरतात. हातातला खडू कशाचा आहे याची चौकशी करणाऱ्याला गुण द्यायला कोणाचीच हरकत नसावी.

खडूच्या प्रयोगाला चांगला तराजू लागतो. शिक्षिकेच्या प्रश्नाचे उत्तर मोहरीत आहे. मोल म्हणजे मुळात तोलून केलेली मोजणी. नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठात व्याख्या पाठ होते, ही साधी गोष्ट मात्र निसटते. हजार दाणे मोजून वेगळे करायचे आणि सराफाच्या किंवा किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून आणायचे. काटा फारच जाडाभरडा असेल तर दाणे पाच हजार घ्यावेत. चार मुलांनी वाटून घेतले की ते काम एका दुपारचे. मग पाव किलोच्या पुडीत किती दाणे आहेत हे एकही दाणा न मोजता सांगता येते. एक दाणा २ मिलिग्रॅमचा निघाला, तर मोलभर मोहरीचे वजन होते १.२ गुणिले १० चा १८ वा घात इतके किलो. घनमीटरला ७०० किलो या हिशेबाने ती ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरच्या महाराष्ट्रावर पसरली, तर थर साडेपाच किलोमीटर जाडीचा होईल. कळसूबाई १,६४६ मीटर उंच, म्हणजे शिखरावर उभे राहूनही डोक्यावर जवळपास चार किलोमीटर मोहरी. तितकेच रेणू पाण्याचे घेतले, तर ते १८ ग्रॅममध्ये, म्हणजे चार चमचे पाण्यात मावतात.

तराजूशिवाय होणारा आणखी एक प्रकल्प आहे, आणि तो या सर्वांहून सरस आहे. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपम इथल्या तळ्यात चमचाभर तेल ओतले आणि अर्धा एकर पाणी आरशासारखे निवळले. हे निरीक्षण १७७४ मध्ये छापून आले. तेल किती पातळ झाले याचा हिशेब फ्रँकलिनने मांडला नाही. तो मांडणे शाळकरी मुलाला जमते. ओलेइक आम्ल अल्कोहोलमध्ये दोनदा, दर वेळी वीसपट विरळ करायचे, म्हणजे ४०० घन सेंटिमीटरमध्ये आम्ल एकच घन सेंटिमीटर राहते. परातीतल्या पाण्यावर लायकोपोडियमची पूड भुरभुरायची आणि मधोमध एक थेंब सोडायचा. पूड बाजूला सरते आणि गोल खिडकी उघडते. अल्कोहोल निघून जाते, मागे आम्लाचा एका रेणूइतका जाड थर उरतो. थेंबातल्या आम्लाचे आकारमान भागिले खिडकीचे क्षेत्रफळ म्हणजे थराची जाडी, आणि ती नॅनोमीटरच्या घरात येते.

पुढे रेणू घनाकार मानून एका मोलच्या आकारमानातून अ‍ॅव्होगाड्रोचा अंक काढायचा. ओलेइक आम्लाचा मोल २८२ ग्रॅमचा, म्हणजे सुमारे ३१६ घन सेंटिमीटरचा. थराची जाडी २ नॅनोमीटर आली, तर उत्तर ४ गुणिले १० चा २२ वा घात येते, म्हणजे खऱ्या अंकाचा पंधरावा हिस्सा. इथे विद्यार्थ्याचे गुण कापायचे नसतात. हा फरक का पडला ते त्याला लिहायला सांगायचे असते : रेणू घनासारखा नसून काडीसारखा लांबट आहे, आणि पाण्यावर तो साधारण उभा राहतो.