काचेवरची शिसपेन्सिल

डिजिटल व्यक्तिचित्र शिसपेन्सिलीने काढल्यासारखे वाटते की नाही, हे रेषेवर कमी आणि कागदावर जास्त ठरते. पडद्याला कागद नसतो. तो आधी करून घ्यावा लागतो. क्रिटा हे विनामूल्य सॉफ्टवेअर असो, आयपॅडवरचे प्रोक्रिएट असो की १९९० पासूनचे फोटोशॉप, सुरुवात सारखीच. ए-फोर आकार ३०० डीपीआयला घेतला की २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा कॅनव्हास मिळतो. तळाचा रंग शुभ्र नको, किंचित पिवळसर हवा. पेन्सिलीचा रंगही काळा नको. ग्रॅफाइटला चकाकी असते; ८बी पेन्सिलीने कितीही घोटले तरी काजळासारखा काळा उतरत नाही. गडद करडा पुरतो.

'शिसपेन्सिल' या शब्दातच एक जुनी चूक दडलेली आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बॉरोडेलला सापडलेले ग्रॅफाइट लोकांना शिशाचाच प्रकार वाटले. पेन्सिलीत शिसे नसतेच. फ्रान्सच्या निकोला-जाक काँतेने १७९५ साली ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती मिसळून भाजण्याचे पेटंट घेतले. माती जास्त तर पेन्सिल कडक, कमी तर मऊ. एच आणि बी पेन्सिलींमधला फरक तो हाच.

आता कागदाचे दाणे. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसलेली बोटे कागदाची खरखरीत बाजू न बघता ओळखतात. त्या बाजूला बारीक उंचवटे आणि खळगे असतात. पेन्सिल हलकी फिरली की ग्रॅफाइट उंचवट्यांवर बसते, खळगे पांढरे राहतात. दाब वाढला की खळगेही भरतात. हे साधण्यासाठी ब्रशला पोताची प्रतिमा, म्हणजे टेक्श्चर, जोडतात. क्रिटात ती 'मल्टिप्लाय' किंवा 'सबट्रॅक्ट' पद्धतीने लागते. सबट्रॅक्टमध्ये पोत रंगातून वजा होतो, म्हणून हलक्या हाताला फक्त उंचवटे उमटतात. खरी मेख दाणे स्थिर ठेवण्यात आहे. प्रोक्रिएटमध्ये दाण्यांचे दोन प्रकार आहेत: 'मूव्हिंग'मध्ये दाणे ब्रशबरोबर ओढले जातात, 'टेक्श्चराइज्ड'मध्ये जागचे हलत नाहीत. कागद जागचा हलत नाही, तेव्हा दुसराच निवडावा. दुसरा हात फिरवला की तो पहिल्याच उंचवट्यांवर बसतो आणि सावली थराथराने गडद होते. दाणे सरकत राहिले तर दोन-तीन हातांतच खळगे बुजतात आणि गाल स्केचपेनने रंगवल्यासारखा दिसतो. दाण्यांचा आकारही मोठा नको, नाहीतर चेहऱ्याला भिंतीच्या गिलाव्याची कळा येते.

पेनचा दाब रंगाच्या गडदपणाला जोडावा, जाडीला शक्यतो नाही. जाडी पेन कलण्यावर सोडावी, कारण आडव्या धरलेल्या पेन्सिलीचाच पट्टा रुंद येतो. ८१९२ दाबपातळ्यांच्या जाहिरातीला भुलण्यापेक्षा दाबाचा आलेख स्वतःच्या हाताला जुळवणे जास्त उपयोगाचे.

चेहऱ्याची मोजमापे सर्वांना ठाऊक असतात: डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर, समोरून डोक्याची रुंदी सुमारे पाच डोळ्यांची. ज्यांना खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी अँड्र्यू लूमिस यांचे १९५६चे 'ड्रॉइंग द हेड अँड हँड्स' आहे. कच्चा आराखडा वेगळ्या लेयरवर फिका काढावा. क्रिटात 'एम' दाबले की चित्र आरशातल्यासारखे उलटते आणि वाकडे नाक तत्क्षणी उघडे पडते.

डोळा मात्र सावकाश काढायचा. नवखा हात बुबुळाभोवतीचा भाग कोरा सोडतो. वरच्या पापणीची सावली त्या पांढऱ्यावर पडते, त्यामुळे तो वरून करडा आणि खाली उजळत गेलेला असतो. खालच्या पापणीला जाडी असते आणि तिच्या ओल्या कडेवर उजेडाची बारीक रेघ असते. बुबुळातला चमकता ठिपका पांढऱ्या रंगाने दिला की पेन्सिलीचा भास तिथेच मोडतो. तो कागद कोरा ठेवूनच मिळवावा. पापणीचा केस मुळाशी दाबून सुरू करावा आणि टोकाला पेन उचलावे.

केसांत खोडरबर ही दुसरी पेन्सिल ठरते. क्रिटात 'ई' दाबल्यावर हातातलाच ब्रश खोडू लागतो, त्याच दाण्यांनिशी. प्रोक्रिएटमध्ये खोडरबराचे चिन्ह दाबून धरले की तेच घडते. गडद केसांच्या पुंजक्यातून असा हात फिरवला की उजळ बटा निघतात. गुळगुळीत गोल खोडरबर इथे घात करतो. स्मज टूलबद्दलही तेच: गालावर एकदा फिरवावे, वर पुन्हा पेन्सिल चालवावी. सगळा चेहरा घासला तर मेणाचा पुतळा होतो.

फोटोवरून एका झटक्यात 'स्केच' करण्याची युक्ती बरीच लोकप्रिय आहे. फोटो करडा करतात, त्याची निगेटिव्ह प्रत वर ठेवून तिला 'कलर डॉज' लावतात. या पद्धतीत खालचा उजळपणा वरच्या थराच्या उलट किमतीने भागला जातो. वरचा थर आधीच उलटा असल्याने प्रत्येक बिंदू स्वतःनेच भागला जातो आणि सारे पांढरे होते. मग वरच्या प्रतीला 'गॉशियन ब्लर' दिला की भागाकार शेजारच्या बिंदूंच्या सरासरीने होतो. शेजाऱ्यांपेक्षा गडद तेवढे उरते. गणित सुंदर, चित्र निर्जीव. शर्टाच्या गुंडीला आणि डोळ्याला त्यात सारखाच मान मिळतो, आणि उजेडाकडची जी कड चित्रकार मुद्दाम हरवू देतो, ती दिसण्याजोगी असली की फिल्टर ती काढणारच.

पूर्ण झालेले चित्र छापायचे असल्यास चकचकीत फोटोपेपर टाळावा आणि तळाचा पिवळसर थर बंद करावा. पांढरट, किंचित खरखरीत मॅट कागद घ्यावा. पडद्यावर नसलेला कागद तिथे आयताच मिळतो.